जाळी धरणारा गडी

नाथाजी मोहित्यांनी काश्मीरात ट्राउट मासे धरले होते, ही गोष्ट कडेगावच्या त्यांच्या आळीत पोराटोरांना पाठ होती. पलटणीतून पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी ती नव्या बायकोला सांगितली. पुढं चाळीस वर्षं, घरात पाहुणा टेकला की बनुबाई चुलीवर चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणायची, "आवं, ती माशाची गोष्ट सांगा की." आणि नाथाजी सांगायचे. बर्फाचं पाणी, पिसं बांधलेला गळ, हातभर लांब मासा.

गोष्ट खरी होती. फक्त गळाचा रॉड नाथाजींच्या हातात नसायचा. तो पलटणीच्या कर्नल साहेबांच्या हातात असायचा. नाथाजी मांडीभर पाण्यात जाळी घेऊन उभे असायचे. पहिल्यांदा सांगताना हे बारीकसं कलम गळून गेलं, आणि बायकोचे डोळे इतके मोठे झाले की पुन्हा ते जोडायचा धीर झाला नाही.

बनुबाईला जाऊन वर्ष उलटलं होतं. नाथाजी घरात बोलेनासे झाले होते. ऊस तुटून गेला तरी रानाकडं फिरकले नव्हते. त्यांची लेक क्रांती सांगलीत दवाखान्यात नर्स होती. तिला हे बघवेना. तिनं चार दिवसांची रजा काढली, बापाला गाडीत घातलं आणि निघाली. कराड, पाटण, मग वर महाबळेश्वर. पाटण जवळ आल्यावर तिनं सांगितलं, "आप्पा, उद्याचा दिवस नदीवर. गाईड ठरवलाय. तुमच्या काश्मीरातल्यासारखाच पिसांचा गळ. मासा धरायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा. आईनं आयुष्यभर नुसतं ऐकलं. मला तरी डोळ्यांनी बघू दे."

नाथाजींनी तोंड खिडकीकडं वळवलं. "आता वय झालं गं माझं."

"पोहणं आणि सायकल माणूस इसरत न्हाई, असं तुमीच म्हणतासा की."

सकाळी कोयनेच्या काठावर गाईड वाट बघत होता. धुळा त्याचं नाव. चाळिशीचा धनगर गडी, याच पाण्यात वाढलेला. पुण्याच्या हौशी मंडळींकडून ही विद्या शिकला होता आणि आता त्यांच्याच पाव्हण्यांना शिकवत होता. गळाला कोंबड्याची पिसं तो स्वतःच्या हातानं बांधायचा.

नाथाजींची जुनी खाकी जर्सी बघून तो खूश झाला. "मेजर, हे बेस केलं. लोक पांढरं घालून येत्यात."

"पांढरं दिसलं की मासा पळतोय," नाथाजी बोलून गेले. "आन् ऊन तोंडावर घ्यायचं. सावली पाण्यात पडली की संपलं."

धुळा क्रांतीकडं वळला. "ताई, हे तर वस्ताद हाईत. मी कशाला आलोय हितं?"

क्रांतीचा चेहरा फुलला. नाथाजींना आपल्याच जिभेचा राग आला. जितकं खरं बोलावं तितकी खोट्याची गाठ घट्ट बसत होती.

धुळानं क्रांतीला गळ टाकायचा कसा ते दाखवलं, मग रॉड नाथाजींच्या हातात दिला. साहेबांचा हात नाथाजींनी शंभरदा बघितला होता. मागं जायचा, थांबायचा, पुढं यायचा, आणि दोर पाण्यावर रेशमासारखा पसरायचा. नाथाजींनी तसंच केलं. दोर त्यांच्याच मानेभोवती बसला. धुळानं तो सोडवला. दुसऱ्या वेळी गळ पायापुढं पडला. तिसऱ्या वेळी जोर लावला, तर गळ मागच्या जांभळीच्या शेंड्यावर जाऊन अडकला.

"खांदा धरलाय," नाथाजी म्हणाले.

"थंडी आहे ना आप्पा. होतंय असं," क्रांती म्हणाली.

ती हसली असती तर बरं झालं असतं. तिच्या मऊ बोलण्यानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हातानं बांधलाय तो, सोडून देववत न्हाई," म्हणत धुळा जांभळीवर चढला. "ताई, तवर तुमी दुसऱ्या रॉडनं टाकत ऱ्हावा. मघाशी दावलं तसं."

क्रांतीनं टाकला. दोर काही रेशमासारखा पसरला नाही, पण खडकापलीकडच्या डोहात गळ पडला खरा. आणि पाणी फुटलं. रॉड कमानीसारखा वाकला, दोराचं रीळ किंचाळत सुटलं.

"खडस! खडस लागलाय!" धुळा फांदीवरनं ओरडला. शहरातली माणसं ज्याला महसीर म्हणतात तो हा मासा. "ताई, सोडू नका! जाळी घ्या कुणीतरी!"

कुणीतरी म्हणजे एकच माणूस होता. नाथाजींनी जाळी उचलली आणि पाण्यात शिरले. पाणी मांडीला लागलं तसा त्यांचा आवाजच बदलला.

"क्रांते! ओढू नको. पळतोय तर पळू दे त्याला. रॉड वर. आणखी वर."

"तुटेल आप्पा!"

"ओढलास तर तुटंल. थांबला? आता घे. हळू. बाळाला सलाईन लावतीस तसं."

मासा खडकाखाली घुसायला बघत होता. नाथाजींनी तिला चार पावलं प्रवाहाच्या खाली सरकायला लावलं. स्वतः माशाच्या खालच्या अंगाला गेले आणि जाळी पाण्यात बुडवून दगडासारखे उभे राहिले. मासा दोनदा जवळ आला, जाळी बघून दोनदा उधळला. क्रांती ओरडली, "घ्या की आता!" नाथाजी हलले नाहीत. माशाच्या मागं जाळी घेऊन धावणारा गडी मासा घालवतो. तिसऱ्या खेपेला मासा दमून कुशीवर आला. "डोकं माझ्याकडं वळीव," ते म्हणाले. तिनं वळवलं. मासा आपणहून जाळीत आला आणि नाथाजींनी जाळी फक्त उचलली.

सोनेरी खवल्यांचा, चार किलोला कमी नसेल असा मासा. त्यांनी आधी हात ओले केले, गळ अलगद काढला आणि माशाचं तोंड वाहत्या पाण्याकडं धरून ठेवलं. क्रांतीनं जवळ येऊन फोटो काढला. माशात जीव भरला, शेपटीचा एक तडाखा बसला आणि हात रिकामे झाले.

धुळा झाडावरनं उतरून आ वासून बघत होता. "मेजर, ह्यो मुरलेला हात हाय. किती धरलं असतील काश्मीरात?"

क्रांती बापाकडं बघत होती. आता नुसता आकडा सांगायचा होता. खांद्याचं निमित्त पचलंच होतं. पण जाळी हातात होती आणि नाथाजींना लबाडी कशाला करायची हेच कळेना.

"धरला एकबी न्हाई," ते म्हणाले. "रॉड साहेबांचा. मी जाळीवाला. पण तीन हंगामांत दोनशे काढले, आन् माझ्या जाळीतनं एक निसटला. एकच. साहेब दुसऱ्या कुणाला जाळी देत नव्हता."

धुळानं कानाची पाळी पकडली. "दोनशेत एक? माझं दहात दोन जात्यात."

क्रांतीनं रॉड खडकाला टेकवला. "आईला हे ठाऊक होतं?"

"न्हाई." नाथाजींनी ओल्या हातानं तोंड पुसलं. "सांगायला पायजे होतं. माझा येडेपणा. मला वाटायचं जाळी धरणं म्हंजे हमालकाम. तिला ह्येच जास्त आवडलं असतं."

क्रांतीचे डोळे भरले, पण ती हसत होती. "मग माझा मासा कुणाचा, आप्पा?"

"गळाला लावला तू. पाण्याभाईर आणला मी. वाद घालू नको."

वर रस्त्यावर रेंज आली तसा तिनं फोटो भावाला पाठवला. वीरधवल पठाणकोटला पलटणीत होता. लगेच त्याचा व्हिडिओ कॉल आला. "आप्पा! केवढा मासा! तुमी धरला?"

क्रांतीनं फोन बापाच्या हातात दिला. नाथाजींची पँट मांडीपर्यंत भिजलेली होती आणि थंडीनं दात वाजत होते. धुळानं बसायला सतरंजी पुढं केली. त्यांनी ती हातानं बाजूला सारली आणि परेडला उभं राहावं तसे ताठ उभे राहिले.

"धरला तुझ्या भनीनं," ते म्हणाले. "आता मी काय केलं ते ऐक. पयल्यापासनं सांगतो. एक कर्नल साहेब होता..."