दहा वाजून बेचाळीस

"हा फोन नाही, कंगवा आहे," असं म्हणून भिंगकाकांनी फोटो बाद केला आणि पुढचा उघडला.

रस्त्यावरचे कॅमेरे दिवसभर गाड्यांच्या काचांतून फोटो काढत. चालकाच्या हातात फोन आहे असा संगणकाला संशय आला, की तो फोटो या खोलीत येई. संगणक भलताच संशयी. त्याला कान खाजवणारा माणूसही गुन्हेगार वाटे, आणि गाडीत दाढी करणाऱ्या एका गृहस्थाला तर त्याने एकाच सकाळी तीन चौकांत पकडलं होतं. खरं-खोटं ठरवायला म्हणून माणसं ठेवलेली. पहिली सही भिंगकाकांची. स्क्रीनवर फोटो हवा तेवढा मोठा होत असूनही ते खिशातलं भिंग लावून बघत, म्हणून हे नाव. शेजारच्या टेबलावरच्या बाई त्यांचा निर्णय पुन्हा तपासून सही करत. त्यांना सगळं ऑफिस 'दुसरी सही' म्हणे, आणि त्याही मुकाट्याने ओ देत.

कायदा काकांना तोंडपाठ होता. बोला किंवा बोलू नका, गाडी चालवताना फोन हातात धरला की गुन्हा. सिग्नलला थांबलात तरी गुन्हा. शेजारी बसलेल्याने मात्र खुशाल बोलावं. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं, तेव्हा भेटेल त्याला ते हा कायदा समजावून सांगत. लोक हूं हूं करत आणि घड्याळाकडे बघत.

मुलगा त्याच शहरात, नदीच्या पलीकडे राहत होता. काकांनी फोन केला की तो बहुतेक वेळा म्हणे, "बाबा, आता गाडी काढतोय, नंतर करतो." नंतर काही फोन यायचा नाही. पण पोरगा गाडी चालवताना बोलत नाही, याचंच काकांना कोण कौतुक.

त्या मंगळवारी डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची तारीख दिली होती. सोबत घरचं कुणीतरी आणा, असंही बजावलं होतं. चहाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून काकांनी मुलाला फोन लावला. तो पूर्ण वाजला. कामात असेल, दिसलं की करेल, असं म्हणून त्यांनी पुन्हा लावला नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. आणि आज शुक्रवारी, कंगव्याच्या पाठोपाठ उघडलेला फोटो मुलाचा होता.

दोन महिन्यांत पोराला पाहिलं नव्हतं, म्हणून काकांनी आधी नुसतंच बघून घेतलं. बारीक झाला होता. दाढी वाढली होती. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात फोन. फोनची स्क्रीन उजळलेली, नजर तिच्यावर आणि कपाळाला आठी. कोपऱ्यात तारीख मंगळवारची, वेळ दहा वाजून बेचाळीस.

काकांनी स्वतःचा फोन काढून मंगळवारचा कॉल शोधला. दहा बेचाळीस. आपलं नाव दिसल्यावर मुलाचा चेहरा कसा होतो, हे ते आज पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी भिंग लावलं, मग काढलं. आठी तशीच राहिली.

नात्यातल्या माणसाचा फोटो स्वतः तपासायचा नाही, असा नियम होता. काकांनी तो शेजारच्या टेबलावर पाठवला.

"कोण आहे?" दुसऱ्या सहीने विचारलं.

"मुलगा."

बाईंनी बराच वेळ फोटो पाहिला. "बोलत नाहीये पण तो."

"हातात आहे ना," काका म्हणाले. बाईंनी सही केली आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी जरा जास्तच गोड बोलल्या.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी मुलाचा फोन आला. काकांनी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून नीट बसले.

"बाबा, तुमच्या ऑफिसची नोटीस आलीय मला. मी बोलत नव्हतो हो."

"हातात धरला तरी चालत नाही."

"नुसतं बघितलं कुणाचा आहे ते. कुणाचा तरी फालतू कॉल होता. बघा ना रद्द होते का, तुमच्याच हातातलं काम आहे."

माझा होता, हे काकांच्या अगदी ओठावर आलं. ते त्यांनी गिळलं. "नाही होत रद्द," ते म्हणाले, आणि कायदा पहिल्यापासून समजावू लागले. मुलाने या खेपेला तो सगळा ऐकला, मध्ये दोन प्रश्नही विचारले. वर्षभरात बापलेक एवढं बोलले नव्हते. शेवटी मुलगा म्हणाला, "जाऊ दे, भरतो. तुमचं बाकी बरं ना?"

फालतू कॉल करणाऱ्याने आता उद्या सोबत ये म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं? "बरं आहे," काका म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना फार एकटं वाटलं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही आलं नाही.

गुरुवारी दुसऱ्या सहीने रजा टाकली आणि स्वतःच्या गाडीतून त्यांना नेलं. दवाखान्याच्या अर्जावर 'नातं' या रकान्यात बाईंनी 'सहकारी' असं लिहिलं.

परतताना काकांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. पट्टीवर चष्मा बसेना, म्हणून तो खिशात होता, आणि चष्म्यावाचून डाव्या डोळ्याला सगळं धूसर दिसत होतं. पुलावर आल्यावर त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो डोळ्याजवळ नेला. नुसता उजेड, आणि त्यात नावाच्या जागी एक काळपट रेघ.

"इकडे करा, मी वाचते," बाई म्हणाल्या.

"तुम्ही रस्त्याकडे बघा."

"मग उचला तरी. तुम्हाला कुठे मनाई आहे?"

मनाई नव्हतीच. उचलला असता तर मुलाचा आहे की दुसऱ्याच कुणाचा ते लगेच कळलं असतं, म्हणूनच काकांनी उचलला नाही. फोन पूर्ण वाजून थांबेपर्यंत त्यांनी तो दोन्ही हातांत धरून ठेवला.