बुजवलेला सांडवा

यामिनी कठड्यावरून वाकली आणि भिंतीवरच्या पट्टीचा आकडा तिसऱ्यांदा वाचला. वीस मिनिटांत पाणी चार बोटं चढलं होतं.

कालव्याच्या तोंडाशी, नदीच्या बाजूला, शंभरेक वर्षांचं लोखंडी दार बंद होतं. ते उघडणं शक्य नव्हतं. नदीला भरती होती. दार उचललं असतं तर नदीच आत आली असती. ओहोटी लागायला अजून दोन तास होते आणि सकाळपासूनचा पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. पलीकडच्या काठावर, खिदिरपूरच्या वस्तीत, बायका शेगड्या खाटांवर चढवत होत्या.

"मॅडम, अर्ध्या तासात त्यांच्या घरांत शिरेल," दार सांभाळणारा निमाई हिंदीत म्हणाला.

यामिनी काठाने चाळीस पावलं गेली, परत आली, पुन्हा गेली. तिथे जुन्या बांधणाऱ्यांनी काठाच्या भिंतीत एक रुंद खाच ठेवली होती. पाणी मर्यादेबाहेर चढलं की तिथून आपोआप शेजारच्या खोलगट तळ्यात सांडायचं. आता त्या खाचेत विटा होत्या, आणि तळ्यात भराव घालून उभी केलेली अधिकाऱ्यांची क्वार्टर्स. त्यातलंच तळमजल्याचं एक घर यामिनीचं. सांडवा बुजवण्याच्या हुकुमावर सही होती श्यामसुंदर वेलणकरांची, म्हणजे तिच्या बाबांची. ती आता कालवा खात्याच्या ज्या ऑफिसात होती, तिथेच तीस वर्षांपूर्वी ते इंजिनिअर होते. बदली होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने ती फाईल पाहिली होती. घरी विषय काढला नव्हता.

फोन वाजला. आई होती.

"यामू, तुझे बाबा खालच्या सगळ्यांना वर जायला सांगून निघून गेले. छत्रीसुद्धा नेली नाही. काय चाललंय?"

ते समोरूनच येत होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात बूट तसेच.

"किती आहे?"

तिने आकडा सांगितला.

"सांडवा फोड."

"बाबा, पाणी आपल्याकडे जाईल. सहा बिऱ्हाडं आहेत."

"ठाऊक आहे. ती घरं व्हावीत म्हणूनच बुजवला ना मी. आपल्याकडे गुडघाभर येईल. वस्तीत माणसं बुडतील."

"वरून लेखी परवानगी तरी..."

"बुजवायला मला मिळाली होती लेखी परवानगी," ते म्हणाले.

यामिनीने वळून निमाईला पहार आणायला सांगितली.

"वरच्या थरापासून काढ," बाबा हिंदीत म्हणाले. "जोर लागेल. पक्कं सिमेंट आहे."

पहिल्याच घावाला वीट निसटली. दुसरी निमाईने नुसत्या हाताने उचलली. बाहेरचा गिलावा सोडला तर सिमेंट कुठेच नव्हतं; विटा चिखलमातीत लावलेल्या होत्या. बाबांनी एक वीट हातात घेऊन उलटसुलट केली. तोवर चौथा थर गेला आणि पाणी आवाज करत क्वार्टर्सच्या बाजूला पडू लागलं.

पट्टीवरचा आकडा थांबला. बऱ्याच वेळाने एक बोट उतरला. पलीकडच्या काठावरून कुणीतरी हात हलवला. आईचा पुन्हा फोन आला; ती वरच्या मजल्यावर होती, आणि खाली स्वयंपाकघरात पाणी आलं होतं. यामिनीने सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या वडिलांनी बांधली होती ही भिंत," निमाई पहार टेकवून म्हणाला. "साहेब, तुम्हीच त्यांना सांगितलं होतं ना, अशी बांध की कधी लागली तर उघडता येईल?"

बाबांनी हातातली वीट काठावर ठेवली.

"मी असं काही सांगितलं नव्हतं," ते मराठीत, यामिनीला म्हणाले. "सिमेंटच सांगितलं होतं. इथे उभा राहून."

निमाईने दोघांकडे पाहिलं.

"साहेब काय म्हणाले?"

"तुमच्या वडिलांचं नाव विचारताहेत," यामिनी हिंदीत म्हणाली.

"हरिपद."

बाबांनी मान हलवली. मग अडखळत, बंगाली वळणाने, ते नाव त्यांनी एकदा स्वतःशी उच्चारून पाहिलं.