लिटरला सात

दादू मिस्त्रीने लिटरभर पेट्रोलची बाटली आरशाच्या दांडीला सुतळीने करकचून बांधली, तिच्यातली नळी थेट कार्बोरेटरला जोडली आणि टाकीकडून येणारी नळी बोळा कोंबून बंद केली.

"बसा शेठ," तो म्हणाला. "बाटली तुमच्या डोळ्यांसमोर. सहदेव चालवेल, मी मध्ये बसतो."

कारखानीसशेठ बसले. मुलुंडला त्यांचा सोड्याचा कारखाना होता आणि ही पिकअप घाटकोपरपर्यंतच्या दुकानांना बाटल्या पोचवायची. गणपतीपर्यंत लिटरला नऊ किलोमीटर धावणारी गाडी आता सातवर आली होती. परवा शेठनी सगळ्या कामगारांसमोर सहदेवला विचारलं होतं, पेट्रोल कुठे विकतोस म्हणून. गाडीत दोष निघाला नाही तर सोमवारपासून येऊ नकोस, हेही त्याच दमात सांगून टाकलं. संपात गिरणी गेल्यावर दोन वर्षं घरी बसून काढलेला माणूस तो. नोकरी जायची भीती होतीच. पण चोर ठरून घरी जायचं आणि बायकोला, विमलाला तोंड दाखवायचं, हे त्याला त्याहून जड वाटत होतं.

घाटकोपरच्या गॅरेजातून आग्रा रोडने निघालेली गाडी भांडुपला आचके देत थांबली. बाटली रिकामी झाली होती. तिघांनी मीटर पाहिला. बरोबर सात किलोमीटर.

"म्हणजे चोरी नाही," दादू म्हणाला.

"मग अॅक्सिलरेटरवर पाय जड असेल याचा," शेठ म्हणाले. हार मानायची त्यांना सवयच नव्हती. "गाडी धड असून पीत असेल, तर ड्रायव्हर बदलायचा. सोपं आहे."

सहदेवने स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले.

टाकीची नळी पुन्हा जोडून गॅरेजात परतल्यावर शेठ बाहेरच्या बाकड्यावर दोन टॅक्सीवाल्यांशेजारी चहा घेत बसले आणि दादू कामाला लागला. सहदेवने गिरणीत एकाहून एक जॉबर, खात्यावरचे मुकादम, पाहिले होते, पण असा हात पाहिला नव्हता. दादूने चाकं जॅकवर उचलून एकेक बोटाने फिरवली. ब्रेक कुठे घासत नव्हता. कार्बोरेटर उघडून फुंकर मारली. तो साफ होता. प्लग काढले, तर चारही काजळी धरलेले, म्हणजे पेट्रोल पुरतं जळत नव्हतं. ते त्याने नाकाशी नेऊन हुंगले. घाई नाही, आदळआपट नाही, आणि एकही स्क्रू जमिनीवर नाही. बघत राहावं असं काम.

मग त्याने रेडिएटरवर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"सहदेवा, जाऊन येऊन चौदा किलोमीटर धावलो ना रे आपण?"

"हो."

"मगे ह्यो कोमट कसो?"

उत्तराची वाट न बघता त्याने इंजिनाच्या पुढचं एक छोटं झाकण खोललं. इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी वाटीएवढी झडप तिथे असते. इथे ती नव्हती. दादू तसाच उकिडवा बसून राहिला.

आठवलं सहदेवलाही. ऑक्टोबरच्या उन्हात पवईच्या चढावर गाडी उकळली, तेव्हा दादूनेच ती झडप काढून टाकली होती. आपल्याकडच्या गरमीत हिचं काय काम, असं म्हणून सगळेच मिस्त्री काढतात. तेव्हापासून इंजिन धड तापतच नव्हतं आणि थंड इंजिन पेट्रोल पीत होतं. आता दादूने नवी झडप गुपचूप बसवून कार्बोरेटरचं नाव सांगितलं असतं, नाहीतर सहदेवच्या जड पायावर ढकललं असतं, तरी शेठना कळलं नसतं. सहदेवनेही तोंड उघडलं नसतं. मिस्त्रीवर आळ घेणाऱ्या ड्रायव्हरला कोण खरं मानणार?

दादू उठला, हात पुसत बाहेर गेला आणि शेठसमोर उभा राहिला.

"याचा पाय जड नाही. गाडीतली झडप मी काढली होती. सगळे काढतात म्हणून काढली, डोकं चालवलं नाही. चूक माझी."

टॅक्सीवाले चहा प्यायचे थांबले. वीस वर्षांत कमावलेलं नाव या माणसाने चारचौघांत पणाला लावलं होतं, तेही एका ड्रायव्हरसाठी. सहदेवला भरून आलं. आपल्याला हे जमलं असतं का, असं त्याने स्वतःला विचारलं. नसतं जमलं.

शेठनी कप खाली ठेवला. "सहदेव, तुझी नोकरी राहिली. गाडी काढ. उद्यापासून दुसरं गॅरेज बघायचं."

सहदेव जागचा हलला नाही.

"शेठ, मग ड्रायव्हरपण दुसराच बघा."

"गप रव रे," दादू हळूच म्हणाला.

शेठ एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. बाकड्यावरून उठायला त्यांनी जरा वेळच लावला.

"ती झडप मिळते कुठे?" त्यांनी विचारलं. आवाज अजून कडकच होता, पण विचारलं होतं दादूला.