वरातीतला टेकू

जळकोट तालुक्यात वैजनाथची ख्याती होती ती वरातीत आडवं पडून नाचण्याबद्दल. रस्ता तापलेला असो की टँकरनं चिखल केलेला, गडी दातात रुमाल धरून सरळ लोळण घ्यायचा आणि नवरदेवाच्या मामानं दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय उठायचा नाही. त्या काळात तो दारूवर 'बटन' खायचा. बटन म्हणजे झोपेची गोळी. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये असा नियम आहे, म्हणून ती पानटपरीच्या मागं मिळते.

एकदा उदगीरकडच्या एका हळदीत तो लोळला तो उठलाच नाही. पाहुण्यांना वाटलं, नवीन स्टेप आहे. ते टाळ्या वाजवत राहिले. शेवटी जनरेटरवाल्याला शंका आली. नांदेडच्या दवाखान्यात वैजनाथनं डोळे उघडले तेव्हा समोर देगलूरकडची दानम्मा नावाची नर्स उभी होती. तिनं ना देवाचं नाव घेतलं, ना आईबापाचं. म्हणाली, "नाच संपला आसंल तर जरा कुशीवर व्हा. मला चादर बदलायची हाय."

कुणी न ओरडल्यामुळंच की काय, वैजनाथला पहिल्यांदा लाज वाटली. बटन सुटायला पुढं बराच काळ गेला, आणि सुटल्यावर त्यानं ज्याची कुणालाच अपेक्षा नव्हती ते केलं. तो पुन्हा वरातींना जायला लागला, पण पाण्याचे जार घेऊन. सुट्टीच्या दिवशी दानम्माही यायची. डीजेच्या गाडीमागं त्यांचा छोटा टेम्पो असायचा. त्यात निळी ताडपत्री, चटया, बादल्या, ओआरएसची पाकिटं. बोर्डावर लिहिलेलं : 'टेकू. पाणी, सावली, सोबत.'

टेकूत कायदा एकच होता. जो उपदेश करेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. पोरं जवळ आली की वैजनाथ म्हणायचा, "घेऊ नको हे सांगायला तुझी आई हाय. मी एवढंच सांगून राहिलो, गोळी घेतलीस तर वरून दारू पिऊ नको, दारू पिलास तर गोळी घेऊ नको. आन् पडलास तर जवळ कोण बसणार, ते आधी ठरव."

लोकांना हे प्रकरण समजत नव्हतं. एका गावात त्यांना विमा विकणारे समजले, दुसऱ्या गावात झेडपीचे उमेदवार. म्हाताऱ्या सावली बघून येऊन बसायच्या आणि गुडघ्याला लावायला काही आहे का विचारायच्या. पण डीजेचा मालक रेवणसिद्ध त्यांच्याशिवाय सुपारी घेत नव्हता. त्याच्या गाडीच्या चाकाखाली एक झिंगलेलं पोरगं जाता जाता राहिलं होतं. "तवापासून माझाच बेस माझ्या छातीत धडकून राहिला," असं तो सांगायचा.

मे महिन्यात नायगावला एक लग्न होतं. नवरी ज्ञानेश्वरी तिथलीच, डी. फार्म. झालेली, एका मेडिकलच्या दुकानात काम करणारी. नवरा हनमंत नांदेडच्या एका कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवायचा. पोरगा हुशार, सरळ, आणि पोरांनी गच्च भरलेल्या वर्गात न घाबरणारा. भीती त्याला एकाच गोष्टीची होती : नाचायची.

नवरीचे वडील व्यंकटराव यांनी टेम्पोवरचा बोर्ड वाचला आणि त्यांचा फेटा थरथरला.

"आमच्या लग्नाला नशेडी येत न्हाईत. हे काढा."

"काढू कुठं? गाडीलाच ठोकलाय," रेवणसिद्ध म्हणाला. "तुमी पाण्याची टाकी समजा, मालक."

तडजोड म्हणून बोर्ड उपसून उलटा ठोकला. उलट्या बाजूला कोंबडीखाद्याची जाहिरात होती. मग तासभर वऱ्हाडातले लोक येऊन पोत्याचा भाव विचारत होते.

वरात मंगल कार्यालयाच्या कमानीजवळ आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. दोस्तांनी हनमंतला घोड्यावरून खाली ओढलं. इतका वेळ लाजणारा नवरदेव एकदम दोन्ही हात वर करून झुलायला लागला. बायका हसल्या, चुलत्यांनी शिट्ट्या मारल्या. "नवरदेव खुलला!" अशी आरोळी उठली.

वैजनाथनं मात्र हातातला जार खाली ठेवला. गड्याचे हात नाचत होते, पण गुडघे केव्हाच घरी गेले होते. ती झुलणी वैजनाथ स्वतःच्या अंगानं ओळखत होता.

"दानम्मा, चटई!"

चटई येईपर्यंत हनमंत आपला दोस्त व्यंकटी याच्या खांद्यावर कोसळला आणि तिथून खाली घसरला.

त्यानंतर गावातले सगळे इलाज एकदम धावून आले. एकानं कांदा फोडला. एकानं पायातली चप्पल काढून नाकाला लावली, तिचा वास इतका होता की लावणाऱ्यालाच ठसका लागला. आत्याबाई लिंबू-मीठ घेऊन आल्या, आणि एक मामा बोट घालून उलटी काढायच्या तयारीत बाह्या सरसावत बसले.

"तोंडात काहीच घालू नका!" दानम्मा ओरडली. "बेशुद्ध माणसाच्या घशात लिंबू गेलं तर ते फुप्फुसात जातंय. मामा, बोट तुमच्याजवळच ठेवा."

वैजनाथनं हनमंतला कुशीवर केलं. वरचा पाय गुडघ्यात दुमडला, हनुवटी किंचित वर केली, शेरवानीची बटणं तोडली. ताडपत्रीची सावली केली. हनमंत घोरत होता, पण श्वास उथळ होता आणि मध्येच रेंगाळत होता. दानम्मानं १०८ ला फोन लावला. रेवणसिद्धनं डीजे बंद केला आणि इतकी अचानक शांतता झाली की कडेवरची लेकरं भ्याली.

"काय घेतलंय ह्यांनी?" दानम्मानं विचारलं.

"ऊन लागलं."

"उपास हाय."

"लो बीपी," व्यंकटराव म्हणाले. "आमच्या जावयाला लो बीपी हाय. आत्ताच कळलंय."

व्यंकटी तेवढ्यात गर्दीतून मागं सरकत होता. तो मोटारसायकलवर बसला, किल्ली फिरवली, आणि मागच्या सीटवर वैजनाथ येऊन बसला.

"कुठं जायचं?" वैजनाथनं विचारलं.

"म्या काहीच दिलं न्हाई."

"कोणी दिलं हे मी इचारलंच न्हाई. त्याच्या पोटात काय हाय, तेवढं सांग."

"तुमी पोलिसाचे माणूस."

"इचीबन, पोलिसाचा असतो तर ही चप्पल घातली असती?" वैजनाथनं पाय पुढं केला. अंगठ्याच्या जागी चप्पल दोऱ्यानं शिवलेली होती. "व्यंकटी, मी पडलो होतो तवा माझे दोस्त पळून गेले. डॉक्टरला काहीच माहीत न्हवतं. तू पळालास तर त्याला अंधारात सुई टोचतील. राहिलास तर त्याचा जीव वाचंल. तुला शिव्या पडतील, मी बाजूला उभा राहतो. निम्म्या मला पडतील."

व्यंकटीचा चेहरा वाकडा झाला. हसतोय की रडतोय ते कळेना.

"तोच म्हणला, व्यंक्या, मला नाचता येत न्हाई, सगळे हसतील. म्या म्हणलं, एक बटन घे, लाज जाईल. एकानं गेली न्हाई म्हणून अजून दोन दिले. आन् कोल्ड्रिंकच्या बाटलीत दारू होती." त्यानं खिशातून गोळ्यांची फाटकी पट्टी काढली. "मरंल का ओ तो?"

"चल, हे दानम्माला दाखवू."

ताडपत्रीखाली एव्हाना शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली ज्ञानेश्वरी येऊन उभी होती. बाप "आत जा, आत जा" म्हणत होता. तिनं व्यंकटीच्या हातातली पट्टी घेतली, नाव वाचलं आणि खाली बसली.

"हे?" ती म्हणाली. "हे मागायला रोज पोरं येतात दुकानात. मी हाकलून देते."

व्यंकटीनं मान खाली घातली. ज्ञानेश्वरीनं त्याला काय म्हणायचं ते नजरेनंच म्हणून टाकलं. मग दानम्माकडं वळली. "मी काय करू?"

"पाठीवर हात ठेवा. श्वास थांबला वाटला की मला सांगा. आन् त्यांना हाका मारत ऱ्हा."

"नाव घेऊन?"

"लग्न लागलं न्हाई अजून. घ्या बिनधास्त."

"ओ हनमंत," ज्ञानेश्वरी त्याच्या कानाशी म्हणाली, "डोळे उघडा. आख्खं नायगाव बघून राहिलं." वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या एकमेकींकडं बघायला लागल्या, पण हनमंतनं पापणी हलवली आणि पुन्हा मिटली.

अँब्युलन्स आली. दानम्मानं डॉक्टरच्या हातात पट्टी दिली, व्यंकटीनं अडखळत सगळं सांगितलं. त्यात हनमंतचे वडील मध्ये पडले. "डॉक्टरसाहेब, तेवढं लो बीपी लिवा. चार लोकांत..."

ज्ञानेश्वरी उठली. "लो बीपी सांगाल तर लो बीपीचा इलाज करतील. मग आज लागलेल्या पंगतीतच तेराव्याचं उरकून घ्या."

आत आचाऱ्यानं खरोखरच बुंदी वाढायला घेतली होती, आणि अर्धं वऱ्हाड, नवरदेवाची चिंता करत, जेवायला बसलं होतं.

नांदेडच्या दवाखान्यात संध्याकाळपर्यंत हनमंतचा श्वास नीट लागला. ज्ञानेश्वरी साधा ड्रेस घालून व्हरांड्यात बसली होती. शेजारी वैजनाथ.

"हाकललं की आपलं काम झालं, असं वाटायचं मला," ती म्हणाली.

"दुकानातून हाकललंच पाहिजे. पण हाकललेलं पोरगं कुठंतरी जातंयच ना, ताई. तिथं आम्ही चटई टाकतो."

हनमंतला नीट बोलता यायला लागल्यावर ती आत गेली.

"पहिल्यांदाच घेतली?"

तो छताकडं बघत म्हणाला, "न्हाई. नोकरीच्या मुलाखतीच्या आधी अर्धी घ्यायचो. दोन-तीनदा."

"खरं बोललात ते बरं झालं. आता ऐका. आज लग्न न्हाई. मोडलंबी न्हाई. तुमी आधी डॉक्टरला भेटा, मग मला भेटा. पाहुण्यांना काय सांगायचं ते मी बघते."

तिनं बाहेर येऊन व्यंकटरावांना तेच सांगितलं. ते म्हणाले, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "लोक जेवून गेलेत, बाबा." व्यंकटरावांनी फेटा उतरवून बाकावर ठेवला. नंतर वैजनाथजवळ जाऊन, दुसरीकडं बघत, "चहा घेणार का?" एवढंच म्हणाले.

लग्न पावसाळ्यात झालं, नांदेडलाच, सकाळी, डीजेशिवाय. रेवणसिद्ध तरी आला आणि दोन वेळा जेवला.

व्यंकटी मात्र, हनमंत पडला त्या दिवशी, दवाखान्याच्या फाटकाशीच बसून होता. कुणी घरी चल म्हणेना, कुणी जा म्हणेना. वैजनाथ त्याच्याजवळ उकिडवा बसला.

"आता मी हात लावणार न्हाई बटनाला," व्यंकटी म्हणाला. "आजपासून बंद."

"रोज खातोस?" मागून दानम्मानं विचारलं.

"हाव. दीड-दोन वर्षं झाली."

"मग एकदम बंद करायचं न्हाई. झटके येतात. डॉक्टर हळूहळू कमी करत आणतात."

"म्हणजे तुमी मला खायला सांगून राहिल्या?"

"मी तुला दवाखान्यात यायला सांगून राहिले. सोमवारी ये."

सोमवारी तो आला, पण एकटा नाही. बरोबर आई होती, रुक्मिणबाई, आणि तिच्या हातात छत्री होती. ढग नव्हता, सकाळचं ऊनही अजून चढलं नव्हतं.

"ह्याला मारायचं न्हाई म्हणता?" तिनं दानम्माला विचारलं.

"न्हाई, मावशी."

"एक बी न्हाई?"

"नर्स म्हणून मला न्हाईच म्हणावं लागतंय."

रुक्मिणबाईनं छत्री बाकावर आडवी ठेवली, पोराशेजारी बसली आणि त्याचा नंबर येईपर्यंत त्याचा हात धरून सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा शिव्या देत राहिली. हात तिनं सोडला नाही.

पहिल्याच महिन्यात व्यंकटी दोनदा घसरला, बटन जास्तीचं घेतलं. पण दोन्ही वेळा वरून दारूची बाटली फोडायच्या आधी त्यानं वैजनाथला फोन केला. टेकूच्या कायद्यानं चहा पाजायला लागेल असं वैजनाथनं काही म्हटलं नाही. "कुठं हायस? कोण हाय जवळ?" एवढं विचारलं आणि मोटारसायकल काढली.