एस-एचवाले दहा शब्द

शनिवारी संध्याकाळी आरोहीच्या वहीत दहा शब्द लिहून झाले, तेही इतक्या वळणदार अक्षरात की संपदाने फोटो काढून नवऱ्याला पाठवला. गृहपाठ साधा होता: ज्यात एस-एच येतं असे दहा इंग्रजी शब्द शोधा. पण पहिलीच्या टीचरनी डायरीत खाली आणखी एक ओळ लिहिली होती. सोमवारी प्रत्येकाने उभं राहून आपल्या वहीतले शब्द वाचायचे. ज्यांना जमणार नाही, त्यांना महिनाभर शेवटच्या तासाला वेगळ्या वर्गात बसवणार. ती ओळ संपदाने तीनदा वाचली. दापोलीच्या मराठी शाळेत शिकून, बी.कॉम. करून ती लग्नानंतर भाईंदरला आली होती. कुणी समोर येऊन फाडफाड इंग्रजी बोलायला लागलं की अजूनही तिच्या तळहातांना घाम सुटायचा. लेकीच्या वाट्याला तो येऊ नये, एवढंच तिचं म्हणणं.

शब्द शोधायला वेळ लागला नाही. मोबाइलवर दोन अक्षरं टाकली की शेकड्यांनी शब्द देणारी एक साइट तिला सापडली. शिप, शॉप, फिश तिने वगळले; ते काय, सगळ्यांच्याच वहीत असणार. फ्लरिश, चेरिश, श्रूड असले घेतले आणि आरोहीकडून बघून उतरवून घेतले. श्रूडचा अर्थ तर तिने स्वतःच गुपचूप शोधून पाहिला. मग पाढ्यांसारखं पाठांतर. तिने म्हणायचं, मागून आरोहीने म्हणायचं, वहीवर बोट फिरवत. तासाभरात पोरगी घडाघडा म्हणायला लागली.

रविवारी सकाळी कणीक मळता मळता उजळणी घेताना संपदाचं लक्ष त्या बोटाकडे गेलं. तोंड पाचव्या शब्दावर होतं आणि बोट तिसऱ्यावर.

"थांब. आता खालून वर वाच."

आरोहीने शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं आणि पहिला शब्द म्हटला.

"अगं, समोर लिहिलंय ना? बघून वाच की."

आरोहीने वहीकडे पाहिलंच नाही. आईच्या ओठांकडे बघत राहिली, ते कधी हलतात याची वाट बघत. सोमवार उद्यावर आला होता, आणि पोरीला दहातला एकही शब्द वाचता येत नव्हता.

तेवढ्यात बेल वाजली. दारात जवळच्या राई गावची मंदा मावशी, डोक्यावर मासळीची टोपली.

"वैनी, आज मी मारच खाल्ला असता," टोपली उतरवत ती म्हणाली. "शिंद्यांचं दार म्हणून हाळी दिली, ताजं बोंबील घ्या, आन् दार उघडलं हंसाबेननं."

संपदाला एवढ्या काळजीतही हसू आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन शाह जैन. त्यांच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा शिरत नाही. "मग, काय म्हणाल्या?"

"भली बाई हाय. म्हनली, मंदाबेन, हमारे इधर नहीं, सामने. पन टोपलीचं पानी सांडलं ना त्यांच्या उंबऱ्यावर. मीच पुसलं, लाजंखातर."

चूक मंदाची नव्हती. मागच्या आठवड्यात सोसायटीने रंगकाम काढलं होतं. सगळी दारं एका चॉकलेटी रंगाची झाली, जुन्या पाट्या जाऊन एका मापाच्या इंग्रजी पाट्या आल्या, आणि नंबरांचे स्टिकर अजून यायचे होते. मंदाचा सगळा हिशेब दारांवर चालायचा: गणपतीची पाटी शिंद्यांची, पितळेची देशमुखांची.

"तुमचं दार पोरीच्या सायकलीवरनं गवसलं. बाकीची दावा मना."

"हात धुऊन येते, कणीक लागलीय."

"तुमी मळा कणीक. पोरगी इंग्रजी शाळेत जाते ना? चल गो बाय, वाचून दाव."

आरोही चपला घालून निघालीसुद्धा. संपदाला राहवेना. कणकेच्याच हातांनी ती जिन्याच्या वळणापर्यंत खाली उतरली.

दुसऱ्या मजल्यावर आरोही एका पाटीसमोर टाचा उंचावून उभी होती. "यात एस-एच आहे. शिंदे." मग वळून समोरच्या दाराकडे गेली. "मावशी, यातपण आहे."

"दोन-दोन शिंदे कशे असतील?"

"थांब. याच्यापुढे ए आहे." बोट पाटीवर सरकत होतं, सावकाश. संपदाच्या तोंडात नाव येऊन थांबलं होतं. तिने तोंड उघडलं, तशी मंदाने न वळताच हात वर केला. "वैनी, तिला बघू द्या. मना घाई न्हाय."

"शा… शाह," आरोही म्हणाली. "हे हंसाआंटींचं. इथे बोंबील नको."

मग तिघी वर चढल्या. चौथ्या मजल्यावर मात्र आरोही अडली. नाव लांबलचक, आणि एस-एच मध्येच कुठेतरी. "हे मला येत नाही," तिने सांगून टाकलं. हे वाक्य आजवर तिने आईला कधी ऐकवलं नव्हतं.

"मना पन न्हाय येत," मंदा पायरीवर टेकली. "बस जरा. मग बघू."

दोघी बसल्या. मंदाने तिला टोपलीतला खेकडा दाखवला. मग आरोही उठली, पुन्हा पाटीपाशी गेली. "दे. श." बोट पुन्हा पहिल्या अक्षरावरून फिरलं. "देशमुख?"

"वाजव बेल."

दुपारी आरोहीने वहीचं नवं पान काढलं. तीन पाट्या लिहिल्या. मग बाथरूममध्ये शोधाशोध करून शॅम्पू आणि ब्रश. अक्षर वाकडंतिकडं, पाचच शब्द.

"आई, नावं चालतात का?"

"माहीत नाही गं." वर्गातल्या मम्मींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एव्हाना दहा-दहांच्या याद्या येऊन पडल्या होत्या. संपदाने तिथे काही विचारलं नाही. आरोहीला तिने पाचही शब्द खालून वर वाचायला लावले, मधूनच बोट ठेवून विचारले. एकदा चुकली, स्वतःच सुधारली. मग संपदाने डायरीत लिहिलं: आधीच्या पानावरचे दहा शब्द मी शोधलेले आहेत. पुढचे पाच आरोहीचे. तेच ऐकावेत. आणि खाली सही केली.

सोमवारी शाळेच्या फाटकातून आरोही उड्या मारत आली.

"वाचलेस?"

"पाचही. टीचर म्हणाल्या, मस्त. पण दहा हवे होते म्हणाल्या. मला शेवटच्या तासाला त्या वेगळ्या वर्गात बसायचंय."

संपदाने लेकीचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं.

"तिथे काय करायचं असतं?"

"वाचायचं," आरोही म्हणाली, "टीचर म्हणाल्या, हळूहळू वाचलं तरी चालतं."

"बरं," संपदा म्हणाली, आणि रिक्षाला हात केला.