वाडीतल्या विहारातलं तीन कप्प्यांचं सिंक

जयंतीला पंधरवडा उरला होता. राजेंद्रनं महाडहून येताना टेम्पोतून जे काही उतरवलं, ते बघायला वरंधची सगळी बौद्धवाडी गोळा झाली. लांबलचक, काळवंडलेलं, तीन कप्प्यांचं. कडेला पाण्याच्या क्षाराच्या पांढऱ्या खपल्या आणि तळाला जळक्या तेलाचा थर.

"ढोरांची पाणी प्यायची डोण उचलून आणलीस काय रे?" काशीराम म्हणाला. तो वाडीच्या मंडळाचा अध्यक्ष. लोक हसले.

"सिंक हाय, काका. स्टीलचं. बंद कंपनीच्या कॅन्टीनमधलं, भंगारात निघालेलं. विहारात आता नळ आलाय, म्हटलं बसवू."

काशीरामची बायको येसूबाई पुढं झाली. जयंतीच्या जेवणाचा कारभार तिच्याकडं. दरवर्षी पंगती उठल्या की बायका विहिरीपाशी उकिडव्या बसून टोप घासायच्या, मांडवातली गाणी तिथूनच ऐकायच्या आणि पुढं कित्येक दिवस पायरी चढताना 'आई गो' म्हणायच्या. तिनं त्या काळ्या पत्र्यावरून हात फिरवला.

"ह्याच्यापुढं उभं राहून भांडी घासता येतील?"

"येतील की, काकी."

"मग कुठं नेऊ नको. ठेव हितंच."

राजेंद्रनं दुसऱ्या दिवशी फरशीचं ॲसिड आणून एका कप्प्यात ओतलं. फसफस झाली, डोळ्यांना झोंबणारा वास सुटला, म्हणून त्यानं घाईघाईनं पाणी मारलं. सकाळी बघतो तर तिथं काजळीसारखा डाग.

"बघ, स्टील नव्हतंच ते," काशीराम म्हणाला. "देऊन टाक भंगारवाल्याला."

राजेंद्रनं हात टेकले, पण त्याची बायको उज्वलानं टेकले नाहीत. तिनं तारेची घासणी घेतली आणि दुपारभर दुसरा एक कप्पा रगडला. संध्याकाळी तो चांगला उजळला. रात्र गेली, आणि सकाळी त्याच्यावर तांबूस ठिपक्यांचं पुरळ उठलेलं! उज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं तिनं एका ठिपक्याला नख लावलं, तर ठिपका सुटून नखात आला. खालचा पत्रा स्वच्छ. तिनं दुसरा खरवडला, तिसरा खरवडला.

"काकी! येसूकाकी!" ती ओरडत सुटली. "हा गंज सिंकचा नाय गो! तारेचा हाय! तारेचे तुकडे चिकटलेत नि तेच गंजलेत!"

येसूबाईनं स्वतः नख लावून बघितलं आणि ती तारेची घासणी उचलून उकिरड्यावर भिरकावली.

त्यानंतर बायकांनी ते काम हातात घेतलं. धुण्याचा सोडा टाकून पाणी उकळलं, कप्प्यांत ओतलं, तसा जळक्या तेलाचा थर सायीसारखा सुटून वर आला. खपल्या मात्र हलेनात. येसूबाईनं घरातली आमसुलं उकळली, त्या आंबट पाण्यात फडकी भिजवली आणि खपल्यांवर अंथरून ठेवली. सकाळी नुसत्या लाकडी उलथन्यानं खपल्या निघाल्या. मग खायच्या सोड्याचा लगदा नि नारळाचा काथ्या. उज्वलाच्या लक्षात आलं, की पत्र्यावर उभ्या बारीक रेघा आहेत. गोल गोल घासलं की चरे दिसतात, रेघांच्या अंगानं घासलं की पत्रा उजळतो. ॲसिडचा डाग सगळ्यांत हट्टी. बायका आळीपाळीनं त्याच्यामागं लागल्या. शेवटी कुणी दाखवल्याशिवाय दिसणार नाही इतका तो फिका झाला.

विटांच्या ओट्यावर सिंक चढलं. पहिल्या दिवशी सांध्यातून गळलं, राजेंद्रनं खोलून परत बसवलं. दुसऱ्यांदा नळ सोडला तेव्हा थेंबही गळला नाही.

जयंतीच्या दिवशी पंचक्रोशीतली माणसं जेवली. पंगती उठल्या, टोपांची रास लागली. बायकांनी सवयीनं पदर खोचले. येसूबाई सिंकपाशी गेली, आणि तिथूनच मांडवाकडं वळून तिनं हाक मारली, "अहो, जरा इकडं या!"

काशीराम आला. मागून चार-पाच पुरुष आले.

"दरवर्षी तुम्ही म्हणता, भांडी घासली असती, पण बाप्याच्या जातीला उकिडवं बसवत नाय. बरोबर?"

"आता... म्हणतो खरं."

"आता बसायचं कामच नाय. उभ्यानं घासा."

पाहुणे बघत होते. राजेंद्रनं आधी बाह्या सरसावल्या. काशीरामनं मांडवाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं आणि घड्याळ काढून खिशात टाकलं. एका कप्प्यात घासणं, दुसऱ्यात धुणं, तिसऱ्यात विसळणं. बघता बघता पाहुण्यांतलेही दोघे येऊन उभे राहिले.

"काका, कप्प्यातलं खरकटं गोल नाय घासायचं! रेघांच्या अंगानं!" उज्वला त्यांच्या मागं येरझाऱ्या घालत होती. शेवटचा टोप पालथा पडला तसा काशीराम हात झटकून निघाला.

"कुठं चाललात?" उज्वलानं अडवलं. "सिंक पुसायचं राह्यलं. पाणी तसंच सुकलं की पांढरे डाग पडतात."

मंडळाच्या अध्यक्षानं सुकं फडकं घेतलं आणि कोपरा न् कोपरा पुसला. जवळ आलेल्या एका पाहुण्याला तो म्हणाला, "जरा लांबून हां. ओला हात लावू नका."

मांडवात पुढच्या सतरंज्यांवर बायका ऐसपैस बसल्या होत्या. कुणीतरी येसूबाईच्या हातात माइक दिला. तिनं घसा साफ केला, गाणं धरलं, आणि तिच्यामागून सगळ्या वाडीच्या बायकांचा आवाज वर चढला.