जॅकची जागा

पवनारचा पूल दिसायला लागला आणि भैय्याजींच्या फियाटचं मागचं चाक बसलं.

गाडी भैय्याजींच्या तरुणपणातली, आकाशी रंगाची. सिंदीत लोक त्यांना दोनच गोष्टींवरून ओळखत, एक कापडाचं दुकान आणि दुसरी ही गाडी. त्या दिवशी वर्ध्याला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. भैय्याजी स्वतः चालवत होते. शेजारी त्यांचा मुलगा प्रफुल, मागच्या सीटवर बायको सुलोचनाबाई आणि सून रीता.

प्रफुल उतरला. बाह्या दुमडून त्यानं जॅक लावला, चाक काढलं, स्टेपनी चढवली. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण बाप मागे उभा असला की त्याच्या हालचाली शाळकरी पोरासारख्या घाईच्या होत. काम मात्र चोख झालं. मग त्यानं जॅक आणि पाने डिक्कीत ठेवले आणि झाकण लावायला हात वर केला.

"थांब," भैय्याजी म्हणाले.

त्यांच्या डिक्कीत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती. जॅक आडवा, पत्र्याच्या पट्टीत अडकवलेला, तोंड बाहेरच्या बाजूला. त्याच्यामागे हँडल. पाने आणि टॉमीची लोखंडी सळई खाकी कापडात गुंडाळून, वरून नाडी बांधून. गाडी खड्ड्यात गेली तरी मागून काही वाजता कामा नये. प्रफुलनं जॅकचं तोंड आत केलं होतं.

"काढ."

"बाबूजी, उशीर होऊन राह्यला. वर्ध्याले पोचलो की लावतो नीट."

"काढ म्हटलं ना तुले."

प्रफुलनं सगळं काढून रस्त्याच्या कडेला ठेवलं. पुन्हा लावलं. भैय्याजींनी वाकून पाहिलं, नाडीची गाठ बोटानं हलवली आणि म्हणाले, "काढ."

जवळच्या फाट्यावर बसची वाट पाहणारी माणसं हळूहळू जवळ आली. एका ऑटोवाल्यानं ऑटो बाजूला घेतला. प्रफुल काढत होता, लावत होता. ऊन चढत होतं. घामेजल्या हातातून जॅक निसटून बंपरवर घासला. आकाशी रंगावर नाही, नुसत्या बंपरवर. तरी भैय्याजींचा चेहरा बदलला. ते ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. ऑटोवाल्याकडे वळून त्यांनी अगदी गप्पा मारल्यासारखं सांगितलं, "पाहा भाऊ, हा माहा एकुलता एक. एमकॉम झाला. उद्या याच्या हाती दुकान दिलं, तं हा नवरीले शालूच्या जागी कफन बांधून देईल."

माणसं हसली. एक म्हातारा नुसता खोकला.

शेवटी भैय्याजींनी स्वतः जॅक बसवला, झाकण लावलं, रुमालानं हात पुसले. प्रफुल पुढच्या दाराशी गेला तेव्हा ते म्हणाले, "तू बसनं ये. माह्या सीटले तुह्या हाताचं ग्रीस नको."

रीताचा हात दाराच्या कडीवर गेला. सुलोचनाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस वो बाई. तू उतरली तं त्याचाही राग प्रफुलवरच निघंल."

रीता बसून राहिली. मागच्या काचेतून तिला प्रफुल दिसत होता. पांढऱ्या शर्टाला लागू नयेत म्हणून दोन्ही हात अंगापासून लांब धरून तो फाट्यावर उभा होता, आणि ऑटोवाला त्याला काहीतरी विचारत होता.

रात्री जेवताना भैय्याजींनी प्रदर्शनात कोणी कोणी गाडीचं कौतुक केलं ते सांगितलं. प्रफुल ऐकत होता. मधे एकदा त्यानं हुंकारही दिला. रीताला वाटलं होतं, खोलीत आल्यावर तरी हा बोलेल, चिडेल, निदान रडेल. तो कूस बदलून झोपला.

पुढच्या काही वर्षांत भैय्याजींचं विसरणं सुरू झालं. आधी दुकानातल्या कापडाच्या ताग्यांचे भाव, मग गिऱ्हाइकांची नावं. एकदा देवळातून परत येताना ते भलत्याच घरात शिरले आणि तिथल्या बाईला चहा टाकायला सांगून खुर्चीवर बसले. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, आजार थांबणार नाही, पण त्यांना गुंतवून ठेवा. हातांच्या ओळखीचं काम द्या. हात लवकर विसरत नाहीत.

"गाडी," प्रफुल लगेच म्हणाला.

त्या रविवारी त्यानं फियाट अंगणात घेतली, डिक्की उघडली, आतलं सगळं सामान पोत्यावर मांडलं आणि वडिलांना हाताला धरून आणलं. भैय्याजींनी जॅक उचलला, पट्टीत बसवला, हँडल मागे सरकवलं, पाने गुंडाळले. नाडी बांधताना जरा अडखळले, पण बांधली. मग सुनेकडे पाहून हसले. रीताला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी बापलेक एका कामात दिसत होते. तिनं दोघांना चहा आणून दिला.

दर रविवारी हे होऊ लागलं. शेजारचे पुंडलिकराव, निवृत्त पोस्टमास्तर, कुंपणाशी येऊन उभे राहत. "प्रफुल, लेक असावा तं तुह्यासारखा," असं म्हणत. गावातही तेच बोललं जाऊ लागलं.

पुढे भैय्याजींच्या हातांनाही विसर पडू लागला. जॅक उलटा बसायचा, हँडल बाहेर राहायचं. आणि एका रविवारी रीताला स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रफुलचा आवाज ऐकू आला.

"काढा."

ती खिडकीशी आली. भैय्याजींनी सामान काढून पोत्यावर ठेवलं होतं. प्रफुल खुर्चीत बसला होता.

"लावा."

भैय्याजींनी लावलं.

"काढा."

आवाज शांत होता, गप्पा मारल्यासारखा. पवनारला ऐकलेला तो आवाज रीतानं लगेच ओळखला. म्हाताऱ्याच्या कपाळावरून घाम नाकावर येत होता. तो पुसायला त्यांनी हात उचलला की प्रफुल म्हणे, "थांबू नका, बाबूजी. डॉक्टरनं सांगतलं न, काम करत राहा म्हणून." कुंपणापलीकडून पुंडलिकराव मान डोलवत होते.

रात्री रीता त्याला म्हणाली, "हे बंद करा तुम्ही."

"काय बंद करू?"

"तुम्हाले माहीत आहे काय ते."

"मी हात उचलला का त्यायच्यावर? वाईट शब्द बोललो का? डॉक्टरनं सांगतलं ते करून राह्यलो."

"तुम्ही बदला घेऊन राह्यले."

प्रफुलनं तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर, उलट इतक्या दिवसांत नसलेला एक तजेला होता. "आठवड्यातून एक तास," तो म्हणाला. "माहं अख्खं आयुष्य गेलं. एका तासानं काय होते?"

दुसऱ्या दिवशी रीता सासूकडे गेली. सुलोचनाबाई तांदूळ निवडत होत्या. रविवारी त्या मुद्दाम अंगणाकडे पाठ करून बसत, हे रीताच्या लक्षात आलं होतं.

"आई, तुम्ही सांगा त्यायले. तुमचं ऐकतील ते."

सुलोचनाबाईंनी ताटातला एक खडा बाजूला टाकला. "पोट्टा लहान होता तवापासून पाहून राह्यली मी. भरल्या ताटावरून उठवलं त्याले, पाहुण्यासमोर उभं केलं. मी त्याच्या बापाले कधी बोलली नाई. आता कोणत्या तोंडानं पोराले बोलू?"

"मंग असंच चालू द्याचं?"

"तूही त्या दिवशी गाडीतून उतरली नाई, बाई."

 त्या दिवशी कडीवरचा हात रीतानं स्वतःच काढून घेतला होता. गुडघ्यावर सासूचा हात नुसता टेकलेला होता, धरलेला नव्हता.

दिवाळीत रीता-प्रफुलची मुलगी प्रेरणा नागपूरहून कॉलेजच्या सुट्टीत आली. भाऊबीजेच्या सकाळी पुंडलिकराव आपल्या जावयाला घेऊन आले. जावयाला जुन्या गाड्यांची हौस होती. प्रफुलनं आनंदानं गाडी बाहेर काढली. डिक्कीच्या झाकणाची स्प्रिंग कधीच गेली होती, म्हणून खाली एक लोखंडी दांडी टेकवावी लागे. त्यानं दांडी लावली, सामान पोत्यावर मांडलं आणि प्रेरणाला म्हणाला, "आजोबाले आण."

"राहू द्या न बाबा, ते आताच नाश्ता करून लेटले."

"आण म्हटलं ना."

भैय्याजी नातीच्या खांद्यावर हात ठेवून आले. दिवाळीचं नवं धोतर नेसलेले. समोर इतकी माणसं पाहून त्यांनी हात जोडले.

"लावा, बाबूजी," प्रफुल म्हणाला. "पाहुण्यायले दाखवा तुमची गाडी."

भैय्याजींनी जॅक उचलला आणि छातीशी धरला. डिक्कीकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. जावई हसून म्हणाला, "अरे, मी लावतो न." प्रफुलनं त्याला हातानंच थांबवलं. "त्यायचं काम आहे. त्यायलेच आवडते."

भैय्याजींनी जॅक डिक्कीत ठेवला. तो आडवा पडून खणकन वाजला.

"काढा."

त्यांनी काढला. पुन्हा ठेवला. पुन्हा वाजला.

"काढा."

 पुंडलिकराव घसा खाकरून म्हणाले, "आता राहू दे, प्रफुल." भैय्याजींच्या धोतरावर ओला डाग पसरायला लागला. तो पायाशी उतरला. त्यांना ते कळलं असावं, कारण जॅक खाली घेऊन त्यांनी तो धोतराच्या पुढे धरला. प्रेरणा रडत आत पळाली आणि तिच्या रडण्यानं रीता बाहेर आली.

भैय्याजी प्रफुलकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, माह्या पोराले बोलवा."

"कोण पोरगा?"

"प्रफुल नाव त्याचं. दुकानात असंल. त्याले बोलवा, तो डोये मिटून लावते. माह्यापक्षा चांगला लावते तो."

  रीतानं नवऱ्याकडे पाहिलं. प्रफुलचा चेहरा उतरला होता आणि ओठ हलत होते. क्षणभर तिला वाटलं, आता तो म्हाताऱ्याच्या हातातून जॅक घेईल. सगळं इथेच संपेल.

"नाई जमत त्याले," प्रफुल म्हणाला. "तुमचं पोरगं काही कामाचं नाई. तुम्हीच लावा."

भैय्याजी घाईनं वळले. एका हातात जॅक, दुसऱ्या हातानं आधार शोधत त्यांनी डिक्कीची कड पकडली. जॅकचं टोक दांडीला लागलं. दांडी सरकली. ती सरकताना रीतानं पाहिली आणि झाकणाजवळ उभा असलेला प्रफुलही पाहिला. त्याचा हात झाकण धरायला वर गेला. वर गेला आणि तिथेच थांबला.

झाकण भैय्याजींच्या बोटांवर पडलं.

पुंडलिकरावांच्या जावयानं आपल्या गाडीतून सगळ्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. उजव्या हाताची दोन बोटं वाचली नाहीत. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा प्रफुल म्हणाला, "दांडी सरकली. मी पोचेपर्यंत झालं." आणि पुंडलिकराव पुढे होऊन म्हणाले, "डॉक्टरसाहेब, असा लेक नाई भेटत आजकाल. काम करवून घेताना आमच्यानं पाहावलं नाई, पण बापाच्या भल्यासाठीच करत होता तो."

रीता बाकावर बसली होती. गर्दी पांगल्यावर प्रफुल शेजारी येऊन बसला.

"मी पाह्यलं," ती म्हणाली.

"काय पाह्यलं?"

"तुमचा हात."

त्यानं मान खाली घातली. आपल्या पंजाकडे पाहिलं. मग म्हणाला, "कोणाले सांगशीन?"

"नाई. पण त्यायच्याजवळ एकटं नाई सोडणार मी तुम्हाले. कधीच नाई."

घरी आल्यावर रीतानं फियाटच्या किल्ल्या स्वतःकडे घेतल्या. भैय्याजींची खाट तिनं आपल्या डोळ्यांसमोर, स्वयंपाकघराच्या दाराशी लावून घेतली. आंघोळ, औषधं, पट्ट्या बदलणं, सगळं तीच करू लागली. फक्त जेवण तिला जमेना. तिनं घास पुढे केला की भैय्याजी तोंड फिरवत. सुलोचनाबाईंच्या हातूनही खात नसत. दोन दिवस पाण्यावर गेले. तिसऱ्या दिवशी दारातून जाणाऱ्या प्रफुलला पाहून त्यांनी डावा हात पुढे केला. "भाऊ, तुम्ही द्या," ते म्हणाले. "तुम्ही ओळखीचे वाटता."

तेव्हापासून प्रफुलच भरवतो. दुकानातून दोनदा घरी येतो, खाटेशी स्टूल ओढतो, वरणभात कालवतो, फुंकर घालून घास पुढे करतो. भैय्याजी निमूट खातात. मधूनच विचारतात, "माहं पोरगं आलं का?"

पहिल्या दिवशी प्रफुलनं उत्तर दिलं नाही. पुढेही देत नाही. घास तेवढा पुढे करतो आणि म्हणतो, "तोंड उघडा."

रीता दारात उभी असते. तिच्याकडे न पाहता प्रफुल भरवत राहतो आणि ताट रिकामं होईपर्यंत ती जागची हलत नाही. मग ती ताट उचलते, म्हाताऱ्याचं तोंड पुसते, आणि तो दुकानात परत जातो.